पापणीवरून विष ओळखणारा डॉक्टर

भुवयांमधल्या आठ्या घालवण्यासाठी बोटॉक्सचे इंजेक्शन घेतले आणि आठवडाभराने एका डोळ्याची पापणी खाली आली, असे काही जणांच्या बाबतीत घडते. डोळा अर्धवट मिटल्यासारखा दिसतो. आरशात पाहताना पहिली शंका येते ती अर्धांगवायूची. बहुतेकदा तसे काही नसते आणि काही आठवड्यांत पापणी पूर्ववत होते. पण आठ्यांवरच्या औषधाने पापणी का पडावी? याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग राज्यात एका सरकारी डॉक्टरने केलेल्या नोंदींपर्यंत जाऊन पोहोचते. त्यांचे नाव युस्टिनस केर्नर. पापण्या पडलेले अनेक रुग्ण त्यांच्या पाहण्यात आले आणि त्यातले बरेच वाचले नाहीत.

केर्नर यांचा जन्म १८ सप्टेंबर १७८६ रोजी लुडविग्सबर्ग येथे झाला. वडील सरकारी अधिकारी होते. १७९९ मध्ये ते वारले आणि घरची घडी विस्कटली. मुलाला कापडाच्या कारखान्यात कामाला लावण्यात आले. तिथे त्याचे मन रमले नाही. त्याला कविता करायच्या होत्या, शिकायचे होते. ओळखीच्या एका प्राध्यापकाच्या मदतीने १८०४ मध्ये त्यांना ट्युबिंगन विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी वैद्यक शिकले आणि लुडविग उलांडसारखा कवी मित्र जोडला. ऑटेनरीथ या नामवंत प्राध्यापकांच्या रुग्णालयात शिकत असताना मनोरुग्ण म्हणून दाखल झालेल्या थोर कवी होल्डरलिन यांच्यावर लक्ष ठेवण्याचे काम केर्नर यांच्याकडे आले होते. रुग्णाजवळ बसून दिसेल ते टिपून ठेवण्याची सवय तिथेच लागली असावी.

१८०८ मध्ये पदवी मिळाल्यानंतर त्यांनी विल्डबाड, वेल्झहाइम, गाइलडॉर्फ अशा लहान गावांत काम केले. या भागात एक विचित्र आजार अधूनमधून डोके वर काढत असे. १७९३ मध्ये विल्डबाडमध्येच डुकराच्या जठरात रक्त व मांस भरून केलेला सॉसेज खाऊन १३ जण आजारी पडले आणि त्यातले सहा जण दगावले होते. पुढे नेपोलियनच्या युद्धांनी खेड्यापाड्यांत दारिद्र्य वाढले. अन्न बनवण्यातली स्वच्छता ढासळली आणि अशा घटना वाढल्या. १८०२ मध्ये सरकारने सॉसेजच्या विषाबाबत इशारा काढला, पण हे विष नेमके काय, ते कुणालाच सांगता येत नव्हते.

केर्नर यांनी १८१७ मध्ये या विषबाधेवरचे पहिले टिपण प्रसिद्ध केले. १८१९ पासून ते वाइन्सबर्ग येथे जिल्ह्याचे सरकारी डॉक्टर झाले आणि शोध अधिक नेटाने सुरू झाला. १८२० मध्ये त्यांनी ७६ रुग्णांच्या नोंदी असलेले पुस्तक छापले. १८२२ मधल्या दुसऱ्या पुस्तकात ही संख्या १५५ वर गेली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधण्याची पद्धत अजून जन्माला यायची होती. त्यांच्या हाती होते ते फक्त निरीक्षण.

आणि ते निरीक्षण विलक्षण होते. रुग्णाला आधी पोटाचा त्रास होई. मग डोळ्यांसमोर धूसर दिसे, एकाच्या दोन वस्तू दिसू लागत. बाहुल्या मोठ्या होत. पापण्या लोंबत आणि कितीही प्रयत्न केला तरी वर जात नसत. अश्रू आटत, तोंड आणि घसा कोरडा पडे, आवाज बसे, घोट गिळता येईना. आतड्यांचे काम थांबे. शेवटी श्वास मंदावत जाई. पण एवढे सगळे घडताना रुग्णाला स्पर्श कळत होता, बोललेले समजत होते आणि त्याची शुद्ध अखेरपर्यंत हरपत नव्हती. मिटल्या पापण्यांआड माणूस पूर्ण जागा होता.

इथेच केर्नर यांना धागा सापडला. विष मेंदूवर किंवा संवेदनांवर नव्हे, तर स्नायू हलवणाऱ्या आणि लाळ, अश्रू, घाम यांचे स्राव चालवणाऱ्या मज्जातंतूंवर घाला घालते, असे त्यांनी मांडले. तंतू जागेवर असतो, स्नायूही असतो. मधला निरोप मात्र पोहोचत नाही. हे विष बिघडलेल्या सॉसेजमध्ये, जिथे हवा पोहोचत नाही अशा ठिकाणी तयार होते आणि अगदी थोड्या मात्रेतही जीव घेते, हेही त्यांनी ओळखले.

खात्री करण्यासाठी त्यांनी खराब सॉसेजचा अर्क काढून मांजरे, ससे, पक्षी, बेडूक, अगदी गोगलगायी आणि माश्यांवरही प्रयोग केले. तेवढ्याने समाधान झाले नाही, तेव्हा अर्काचे काही थेंब स्वतःच्या जिभेवर ठेवले. टाळू आणि घसा कोरडा ठणठणीत पडला. घरी पत्नी आणि लहान मुले होती. मात्रा थोडी चुकली असती तर काय झाले असते, हे त्यांच्याइतके त्या काळी कुणालाच माहीत नव्हते. ऑटेनरीथ यांना हे कळले तेव्हा ते काळजीत पडले आणि त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला असे प्रयोग थांबवण्यास बजावले.

केर्नर यांची एक चूकही झाली. हे विष म्हणजे चरबीतून निर्माण होणारे आम्ल आहे, असे त्यांना वाटले आणि त्यांनी त्याला चरबीचे विष असे नाव दिले. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी त्यांनी एक धाडसी कल्पना मांडली. ज्या आजारांत मज्जातंतू अतिउत्तेजित होतात, हातपाय अनावर हलत राहतात किंवा शरीरातले स्राव प्रमाणाबाहेर वाहतात, तिथे हेच विष अतिशय सूक्ष्म मात्रेत औषध ठरू शकेल. ही केवळ शक्यता आहे, हे सांगायलाही ते विसरले नाहीत.

लोकांनी त्यांना सॉसेज-केर्नर हे टोपणनाव दिले. पुढच्या आयुष्यात मात्र त्यांची ओळख कवी म्हणून झाली. संगीतकार रॉबर्ट शूमान यांनी १८४० मध्ये त्यांच्या १२ कवितांना चाली लावल्या. सॉसेजच्या विषाबाबत इतका काटेकोर असलेला हा माणूस भुताखेतांच्या आणि दिव्यदृष्टीच्या गोष्टींवर मात्र सहज विश्वास ठेवी. अशाच एका आजारी स्त्रीला घरात ठेवून घेऊन त्यांनी १८२९ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. ते गाजले आणि त्यावर टीकाही झाली. उतारवयात त्यांचीच दृष्टी गेली. कागदावर शाई सांडे. ते कागद दुमडत आणि डागांतून उमटलेल्या आकृतींना कवितेची जोड देत. २१ फेब्रुवारी १८६२ रोजी वाइन्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विषाचा खरा कर्ता नंतर सापडला. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल गावात अंत्यविधीला आलेल्या वादकांना खारवलेल्या डुकराच्या मांसातून विषबाधा झाली आणि एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्यातून हवेविना वाढणारा जिवाणू वेगळा केला. सॉसेजसाठीच्या लॅटिन शब्दावरून आजाराला बोट्युलिझम हे नाव मिळाले. मज्जातंतूच्या टोकातून अॅसिटाइलकोलीन हा निरोप्या रेणू बाहेर पडणे हे विष बंद पाडते, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरले आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. कॅनडातल्या कॅरुथर्स दाम्पत्याने त्याचा सुरकुत्यांवरचा उपयोग दाखवला आणि २००२ मध्ये भुवयांमधल्या आठ्यांसाठीही मंजुरी आली. केर्नर यांची शक्यता १८० वर्षांनी सौंदर्योपचाराच्या दवाखान्यात पोहोचली.

आज इंजेक्शनमधले विष नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजले जाते. ते टोचलेल्या स्नायूपुरते राहावे, अशी अपेक्षा असते. पण भुवईजवळ टोचलेले औषध थोडेसे खाली झिरपले, तर पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचते. त्याचा निरोप अडतो आणि पापणी पडते. मान्यतेपूर्वीच्या चाचण्यांत सुमारे ३ टक्के लोकांत हे आढळले होते. तज्ज्ञ भुवईच्या हाडापासून पुरेसे अंतर ठेवतात आणि इंजेक्शननंतर ती जागा चोळू नये असे सांगतात, ते यासाठीच. कधी पापणी नव्हे, तर कपाळाचा स्नायू सैल पडून भुवईच खाली उतरते. ज्यांच्या पापण्या आधीच जड आहेत, त्यांना हा त्रास अधिक जाणवतो. म्हणून ही गोष्ट इंजेक्शनपूर्वीच डॉक्टरांना सांगावी.

हा परिणाम बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत दिसतो. मज्जातंतूची टोके पुन्हा काम करू लागली की तो आपोआप ओसरतो. पापणीतला दुसरा छोटा स्नायू आवळणारे थेंब डॉक्टर देतात. त्याने पापणी एक-दोन मिलिमीटर उचलली जाते. ते स्वतःहून आणून घालू नयेत.

मात्र केवळ पापणी पडणे आणि विष शरीरभर पसरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिळताना अडचण, आवाजात बदल, दम लागणे, दोन्ही पापण्या जड होणे, हातापायांत अशक्तपणा यातले काही जाणवले, तर लगेच रुग्णालय गाठायला हवे. बनावट किंवा चुकीच्या मात्रेच्या इंजेक्शनांमुळे खराखुरा बोट्युलिझम झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. पापणी अचानक पडून सोबत तीव्र डोकेदुखी असेल, एका डोळ्याची बाहुली लहान-मोठी दिसत असेल किंवा चेहरा वाकडा झाला असेल, तर कारण वेगळे आणि गंभीर असू शकते. तिथेही थांबू नये.

केर्नर यांनी रुग्णाच्या उशाशी बसून जी यादी केली होती, ती हीच. कोणता स्नायू थांबला, त्यानंतर कोणता, आणि श्वासापर्यंत मजल गेली का. एकच पापणी पडली आहे की पुढची लक्षणेही सुरू झाली आहेत, हे पाहताना आजचा डॉक्टर त्याच यादीवरून बोट फिरवतो.