सुरांचा जाणकार : उस्ताद अब्दुल करीम खाँ

सांगली जिल्ह्यातील मिरज हे जुने शहर आहे. तेथे ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. दर्ग्याच्या उरुसात मोठी संगीतसभा भरते. लांबलांबचे गवई व वादक तेथे आपली कला सादर करतात. ही सभा ज्यांच्या स्मरणार्थ भरते, ते उस्ताद अब्दुल करीम खाँ मोठे गायक होते. वाद्यांची त्यांना जी पारख होती, ती मात्र फार थोड्या गायकांमध्ये आढळते.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तर प्रदेशातील कैराना या गावी झाला. वडील काले खाँ आणि चुलते अब्दुल्ला खाँ यांच्याकडून त्यांना संगीताचे शिक्षण मिळाले. घरात सारंगी, बीन, सतार, तबला अशी वाद्ये होती. लहानग्या अब्दुल करीमने आधी सारंगी हाती घेतली. पुढे त्यांनी गायन हेच आपले क्षेत्र मानले, पण वाद्यांशी जडलेले नाते कधी तुटले नाही. ते बीनही उत्तम वाजवत. त्यांच्या बीनवादनाची ध्वनिमुद्रिका निघाली होती.

तरुणपणी ते भावासह बडोद्याच्या दरबारात गायक म्हणून राहिले. तेथेच सरदार माने यांची कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा परिचय झाला. त्या दोघांनी विवाह केला व बडोदे सोडले. राजाश्रय गेला. आता स्वतःच्या गाण्यावरच संसार चालवायचा होता. मुंबई, मिरज, बेळगाव, पुणे अशा अनेक ठिकाणी त्यांनी मैफली केल्या. पुढे मिरज हेच त्यांचे घर झाले.

मिरज हे त्यांच्यासारख्या गायकाला मानवणारे गाव होते. तेथे शिकलगार लोकांची वस्ती होती. ‘सैकल’ म्हणजे धातूला चकाकी आणणे, हे उर्दू जाणणाऱ्यांना सांगायला नको. तलवारी, भाले यांना धार व झिलई देणारे ते शिकलगार. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचे राज्य आले आणि तलवारींची मागणी घटली. कारागिरांच्या हातांना काम उरले नाही. त्याच सुमारास मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांकडे उत्तरेकडील गवई येत असत. त्यांची वाद्ये वाटेत मोडत, बिघडत. ती दुरुस्त करण्याचे काम शिकलगारांकडे आले. फरीदसाहेब नावाच्या कारागिराने ही विद्या आत्मसात केली. आधी दुरुस्ती आणि मग नवे तंबोरे व सतारी असा हा धंदा वाढत गेला. पुढे ही घराणी ‘सतारमेकर’ या नावाने ओळखली जाऊ लागली. आपल्या वरणगावला आयुध निर्माणी आहे. तिथल्या कामात केसभर चूकही चालत नाही, हे आपण ऐकलेले असते. शस्त्रे घडवणाऱ्या हातांची तीच काटेकोर सवय मिरजेत वाद्यांच्या कामी आली.

तंबोऱ्याला लागणाऱ्या वस्तू राजेशाही नसतात. शेतात पिकलेला कडू भोपळा, तूण झाडाचे लाकूड, चार तारा आणि सुती किंवा रेशमी दोऱ्याचे लहान तुकडे, एवढ्यावर तंबोरा तयार होतो. मिरजेचे कारागीर पंढरपूरकडील भोपळे आणतात. भोपळा कडू असल्यामुळे जनावरे त्याला तोंड लावत नाहीत आणि तो वेलावरच नीट पिकतो. मग तो पूर्ण वाळवावा लागतो. ओलसर भोपळ्याचा आवाज दबका येतो व पुढे तो तडकतो. पुरुष गायकासाठी मोठा भोपळा निवडतात, कारण खालच्या सुरांना जास्त पोकळी लागते. चौथी तार खर्जाची असते. ती जाड असून तिचा सूर सर्वांत खालचा असतो. बाकीचे सूर तिच्या आधाराने उभे राहतात. आधुनिक वाद्यवृंदात बेस गिटार हेच आधाराचे काम करते.

मात्र चांगला भोपळा आणि चांगले लाकूड मिळाले, म्हणजे वाद्य चांगले झाले असे नाही. तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. तिचा वरचा भाग कानशीने अगदी थोडा थोडा घासून किंचित बाकदार करतात. तार त्याला हलकेच स्पर्श करते, तेव्हाच तंबोऱ्याचा भरदार झंकार उमटतो. या कामाला जवारी काढणे म्हणतात. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवतात. त्याला जीवा म्हणतात. दोरा गव्हाच्या दाण्याएवढा पुढे-मागे झाला, तरी सूर खुलतो किंवा मिटतो. महागडा तंबोरा जवारी बिघडली की निरुपयोगी ठरतो आणि साधा तंबोरा जवारी जमली की गाऊ लागतो.

खाँसाहेबांना हे सारे अवगत होते. वाद्यांची दुरुस्ती ते स्वतःच्या हाताने करत. मोठा उस्ताद म्हणून त्यांना या कामात कमीपणा वाटत नसे. त्यांचा आवाज बारीक आणि अतिशय गोड होता. ते एकेक स्वर सावकाश उलगडत गात. अशा गाण्यात तंबोरा जरासा बेसूर असला, तरी तो लगेच कानाला खुपतो. म्हणून तंबोरे मनासारखे जुळेपर्यंत ते गायला सुरुवात करत नसत. सुरांच्या या सूक्ष्म जाणिवेचा अभ्यासकांनाही उपयोग झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स हे बावीस श्रुतींचा शोध घेत होते. त्या कामात खाँसाहेबांनी त्यांना मदत केली. देवल यांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले.

त्या काळी पुष्कळ उस्ताद आपली विद्या घराबाहेर जाऊ देत नसत. खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालू केले. तेथे गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचा भार ते स्वतः उचलत. विद्यालयाचा खर्च भागवण्यासाठी तिकिटे लावून जलसे करत. सवाई गंधर्व, रोशन आरा बेगम, बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी असे शिष्य त्यांनी तयार केले. हिंदू असो वा मुसलमान, शिष्याची जात-धर्म त्यांनी पाहिला नाही.

परंतु त्यांच्या आयुष्यात दुःखही मोठे आले. १९२२ साली ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. ज्या घरात दिवसरात्र स्वर घुमत होते, ते घर रिकामे झाले. विद्यालयाचाही जोर ओसरला. मिरजेत राहून खाँसाहेबांनी गाणे आणि शिकवणे चालू ठेवले. दूर गेलेल्या मुलांपैकी सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर व सरस्वती राणे हे पुढे नामवंत गायक झाले. पित्याचे घर सुटले, पण त्याचा सूर मुलांनी जपला.

दसऱ्याच्या उत्सवात गाण्यासाठी खाँसाहेब म्हैसूरला जात. तेथे त्यांनी कर्नाटक संगीतही समजून घेतले. १९३७ साली मद्रासकडे मैफली करून ते पाँडेचरीला निघाले होते. वाटेत रेल्वेत त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घालून त्यांनी तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी रागात ईश्वराची प्रार्थना केली. तेथेच २७ ऑक्टोबर १९३७ रोजी त्यांनी प्राण सोडला. त्यांना मिरजेस आणून दर्ग्याच्या परिसरात दफन करण्यात आले.

त्यांचे गाणे ध्वनिमुद्रिकांतून दूरवर पोहोचले होते. तशी एक ध्वनिमुद्रिका ऐकून गदगचा एक मुलगा गाणे शिकण्यासाठी घर सोडून निघाला. तोच पुढे पंडित भीमसेन जोशी म्हणून प्रसिद्ध झाला. मिरजेच्या गल्लीतही शेतातल्या भोपळ्यापासून तंबोरे घडतच आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. कष्टाळू कारागीर आणि हाताने काम करण्यात कमीपणा न मानणारा उस्ताद, या दोघांच्याही मेहनतीचा तो सन्मान आहे.