उषा मेहता

उषा हरिप्रसाद मेहता (२५ मार्च १९२० – ११ ऑगस्ट २०००) या भारतीय स्वातंत्र्यसैनिक, गांधीविचाराच्या अभ्यासक व मुंबई विद्यापीठातील प्राध्यापिका होत्या. १९४२ च्या भारत छोडो आंदोलनात मुंबईतून गुप्तपणे चालविल्या गेलेल्या काँग्रेस रेडिओ या भूमिगत नभोवाणी केंद्राच्या त्या एक प्रमुख संघटक व निवेदिका होत्या. हे केंद्र सुमारे अडीच महिने चालले. भाड्याच्या घरांतील खोल्यांत मांडलेल्या, हौशी रेडिओच्या तंत्राने घडविलेल्या यंत्रावर त्याचे सारे काम होत असे. भारतातील हौशी रेडिओचा, म्हणजेच हॅम रेडिओचा, इतिहास सांगताना त्यामुळेच त्यांचे नाव येते, जरी त्या स्वतः परवानाधारक हॅम नव्हत्या.

प्रारंभीचे जीवन

उषा मेहता यांचा जन्म गुजरातमधील सुरतजवळच्या सरस या गावी झाला. वडील हरिप्रसाद हे ब्रिटिश अमदानीत न्यायाधीश होते. उषाबेन पाच वर्षांच्या असताना अहमदाबादच्या आश्रमात त्यांनी महात्मा गांधींना प्रथम पाहिले. १९२८ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, सायमन आयोगाच्या निषेधाच्या मिरवणुकीत त्या सामील झाल्या. सरकारी नोकरीतील वडिलांना मुलीचे हे उद्योग पसंत पडणे शक्य नव्हते. १९३० मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३२ मध्ये कुटुंब मुंबईस आले, तेव्हा हा अडसर पुष्कळसा दूर झाला. मुंबईत आल्यावर गुप्त पत्रके वाटणे, तुरुंगातील कार्यकर्त्यांना निरोप पोहोचविणे अशी कामे त्या शाळकरी वयातच करू लागल्या. खादी त्यांनी आयुष्यभर वापरली व त्या अविवाहित राहिल्या.

शालेय शिक्षण खेडा, भरूच व नंतर मुंबईच्या चंदारामजी हायस्कुलात झाले. विल्सन महाविद्यालयातून १९३९ मध्ये तत्त्वज्ञान विषयात प्रथम श्रेणीत पदवी घेऊन त्या कायद्याचा अभ्यास करू लागल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तो अभ्यास त्यांनी सोडला.

युद्धकाळातील हौशी रेडिओ

काँग्रेस रेडिओचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळी घरी प्रक्षेपक बाळगणे म्हणजे काय होते, हे पाहणे आवश्यक आहे. भारतातील पहिले हौशी रेडिओचालक अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ मध्ये परवाना मिळाला व त्याच वर्षी मुकुल बोस हे दुसरे परवानाधारक झाले. १९२९ पासून भारतीय हॅमच्या संकेतनामांच्या आरंभी व्हीयू ही अक्षरे आली, ती आजही आहेत. तरीही १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशातील परवानाधारकांची संख्या पन्नासच्या आतच होती व त्यांतील बहुतेक ब्रिटिश लष्करी अधिकारी होते. छंद खर्चिक होता. पण पैशापेक्षा अधिक गरज होती ती चिकाटीची. विकत घेऊन भिंतीत खुपसावे असे तयार यंत्र सहसा मिळत नसे. चालक स्वतः व्हॉल्व्ह, कॉइल, कंडेन्सर व ट्रान्सफॉर्मर जमवून, रेखाचित्र पाहून, डाख देऊन संच उभा करीत असे. ठरावीक कंपनसंख्या देणारा ऑसिलेटर, तिची शक्ती वाढविणारा ॲम्प्लिफायर, आवाज त्या लहरीवर चढविणारा मॉड्युलेटर, मायक्रोफोन आणि बाहेर ताणलेली एरियलची तार एवढ्या गोष्टी जमल्या की एका टेबलावर केंद्र तयार होई. संच पहिल्यांदा चालू केल्यावर दूरच्या कुणा अनोळखी माणसाचे उत्तर येणे हा या छंदातील खरा आनंद समजला जातो.

१९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच सरकारने नवे परवाने देणे बंद केले आणि सर्व हौशी चालकांना आपली प्रक्षेपणयंत्रे पोलिसांकडे जमा करण्याचे लेखी आदेश दिले. कालपर्यंत दिवाणखान्यात कौतुकाने दाखविले जाणारे यंत्र असे एका आदेशाने गुन्ह्याचा पुरावा झाले. यंत्रे जमा झाली, तरी ती घडविण्याचे ज्ञान काही जमा करून घेता आले नाही. पुढील घटनांच्या मुळाशी ही गोष्ट आहे.

काँग्रेस रेडिओ

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर भारत छोडो ठराव मंजूर झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटेपासून गांधीजींसह सर्व प्रमुख नेते पकडले गेले. वृत्तपत्रांवर कडक निर्बंध आले. ऑल इंडिया रेडिओ सरकारच्याच हाती होता. कोणत्या गावी काय घडले हे शेजारच्या जिल्ह्यालाही कळेना. अशा वेळी उषा मेहता व त्यांच्या काही तरुण सहकाऱ्यांनी १४ ऑगस्टच्या सुमारास स्वतःचे नभोवाणी केंद्र काढण्याचे ठरविले. विठ्ठलदास उर्फ बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी हे त्यांचे निकटचे साथीदार होते. काँग्रेसच्या सभांना ध्वनिवर्धक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओ या मुंबईच्या प्रसिद्ध कंपनीचे नानक मोटवाने यांनी साहित्य मिळवून देण्यास मदत केली. यंत्र उभारण्याचे काम नरिमन प्रिंटर या मुंबईतील जुन्या हौशी रेडिओचालकाने केले.

२७ ऑगस्ट १९४२ रोजी पहिले प्रसारण झाले. हे काँग्रेस रेडिओ असून ४२.३४ मीटरवर, भारतातील कुठल्यातरी ठिकाणाहून बोलत आहे, अशा अर्थाची घोषणा उषाबेनच्या आवाजात होई. ४२.३४ मीटर ही तरंगलांबी म्हणजे सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. हॅम मंडळी ज्याला चाळीस मीटरचा पट्टा म्हणतात त्यातच ती बसते. सरकारने रिकामा करविलेला हौशी चालकांचाच पट्टा या केंद्राने वापरला, ही नोंद बहुतेक चरित्रांत येत नाही, यायला हवी. हा पट्टा दिवसा जवळपासच्या अंतरावर आणि सूर्यास्तानंतर दूरवर पोहोचतो, कारण त्याच्या लहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरांवर उतरतात. सरळ रेषेत मुंबईहून वणी सुमारे ६५० किलोमीटर आहे. एवढे अंतर अशा लहरींना सायंकाळी सहज पार करता येते. हे प्रक्षेपण पार ब्रह्मदेशापर्यंत ऐकू गेल्याच्या नोंदी आहेत.

प्रसारण हिंदी व इंग्रजीतून होत असे. आरंभी हिंदुस्थान हमारा आणि शेवटी वंदे मातरम् या गीतांच्या तबकड्या वाजविल्या जात. बातम्यांबरोबर भाषणेही असत, डॉ. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन, मोइनुद्दीन हॅरिस आदींचे साहाय्य केंद्रास लाभले. लोहिया यांनी या केंद्राचा वेगळ्या गटांशी मेळ घालून दिल्याने भूमिगत चळवळीच्या मध्यवर्ती कार्यालयाकडून बातम्या येऊ लागल्या. पुढे भाषणे अन्यत्र मुद्रित करून केंद्रावर फक्त तबकडी लावण्याची पद्धत सुरू झाली. त्यामुळे वक्त्याला धोक्याच्या जागी यावे लागत नसे. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातील घटना या बातम्या वृत्तपत्रे छापू धजत नव्हती तेव्हा या केंद्राने दिल्या.

विदर्भाच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाची बातमी आष्टी आणि चिमूरची होती. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, वर्धा जिल्ह्यातील आष्टी व तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंची माणसे मेली. नंतर चिमूरला लष्कर आले. घरे लुटली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. चिमूर हे वणी तालुक्याच्या सीमेवरील वर्धा नदी ओलांडली की लागणाऱ्या मुलखातलेच. पण तेथील हकिगत छापून येण्याची वाट बंद होती. काँग्रेस रेडिओने या अत्याचारांचे सविस्तर वर्णन प्रसारित केले. याच प्रकरणी चौकशीच्या मागणीसाठी सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य लोकनायक बापूजी अणे यांची भेट घेतली आणि पुढे ६३ दिवस उपवास केला. अणे यांचा जन्म वणीचाच. गांधीजींच्या उपवासाच्या वेळी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, त्यांनी कार्यकारी मंडळाचा राजीनामा दिला. चिमूर प्रकरणातील फाशीच्या शिक्षा पुढे कमी करण्यात आल्या.

जागांची अदलाबदल

केंद्र एका जागी ठेवणे शक्य नव्हते. रेडिओ लहर लपविता येत नाही. जो ऐकू शकतो तो ती कोणत्या दिशेने येते हेही शोधू शकतो. शोधपथकाच्या गाडीवरील फिरती चौकटीची एरियल वळविली की एका विशिष्ट कोनात आवाज क्षीण होतो व त्यावरून दिशा कळते. दोन ठिकाणांहून अशा दोन रेषा काढल्या की त्या जिथे छेदतात तिथे प्रक्षेपक असतो. याशिवाय या तरंगलांबीसाठी नेहमीच्या अर्ध-तरंग एरियलला वीस मीटरच्या आसपास तार लागते, आणि दाट वस्तीच्या मुंबईत ती शेजाऱ्यांच्या नजरेतून सुटणे कठीण. म्हणून बिऱ्हाडे वारंवार बदलली गेली. चौपाटीवरील सी व्ह्यू इमारत, लॅबर्नम रोडवरील अजित व्हिला, सँडहर्स्ट रोडवरील लक्ष्मी भवन, गिरगावातील पारेखवाडी, महालक्ष्मी मंदिराजवळील पॅराडाइज बंगला ही त्यांतील ठिकाणे. दर वेळी प्रक्षेपक सुटा करून न्यायचा, नव्या खोलीत पुन्हा जोडायचा, एरियल ताणायची, मेळ जमवायचा आणि ठरल्या वेळी आवाज द्यायचा. ज्याने घरी संच मांडला आहे त्याला यातील कष्टांची कल्पना येईल. येथे तर प्रत्येक चाचणी पोलिसांच्या कानावर पडण्याची शक्यता होती.

अटक व खटला

केंद्राची सर्वांत नाजूक बाजूही हीच होती की यंत्राचे ज्ञान फार थोड्या हातांत होते. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी प्रिंटर पोलिसांच्या ताब्यात होते व त्यांच्याकडून पोलिसांना केंद्राचा माग लागला. त्यांच्याविषयी पुढे कठोर शब्द वापरले गेले आणि ते स्वाभाविक आहे. तथापि त्यांच्या कसबाशिवाय केंद्र सुरूच झाले नसते, हेही खटल्याच्या वृत्तांतावरून स्पष्ट होते. त्या दिवशी पोलिसांनी बाबूभाई खाकर यांच्या कार्यालयावर छापा घातला. ही खबर उषाबेनना मिळाली होती. यंत्र गुंडाळून निसटता आले असते, परंतु त्या चंद्रकांत झवेरी यांच्यासह पारेखवाडीतील केंद्रावर गेल्या व संध्याकाळचा कार्यक्रम त्यांनी सुरू केला. पोलीस दारे फोडून आत आले तेव्हा वंदे मातरम्ची तबकडी वाजत होती. ती थांबविण्याचा हुकूम त्यांनी मानला नाही, असे उषाबेनच्या आठवणींत आहे.

सहा महिने त्यांची गुप्तचर खात्याकडून कसून चौकशी झाली. काही काळ त्यांना एकांतवासात ठेवण्यात आले. सहकाऱ्यांची माहिती दिल्यास परदेशी शिक्षणास पाठविण्याचे आमिषही दाखविले गेले. खटल्यात प्रश्नांची उत्तरे देणे आपल्यावर बंधनकारक आहे काय, असे त्यांनी न्यायाधीशांना विचारले. तसे बंधन नसल्याचे कळताच त्यांनी एकाही प्रश्नाचे उत्तर न देण्याचे जाहीर केले. विशेष न्यायालयाने बाबूभाई खाकर यांना पाच, उषा मेहता यांना चार व चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा ठोठावली. नानक मोटवाने व विठ्ठलदास झवेरी निर्दोष सुटले. प्रिंटर माफीचे साक्षीदार झाले.

पुण्याच्या येरवडा तुरुंगात उषाबेनची प्रकृती ढासळली. उपचारासाठी त्यांना मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ठेवले, तेही पोलीस पहाऱ्यात. बरे वाटू लागताच त्यांना पुन्हा येरवड्यास नेण्यात आले. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ असताना गृहमंत्री मोरारजी देसाई यांच्या आदेशाने त्यांची सुटका झाली.

अध्यापन व गांधीकार्य

तुरुंगवासाने शरीर खचले होते. प्रत्यक्ष राजकारणात उतरण्याऐवजी त्या पुन्हा अभ्यासाकडे वळल्या. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली. विद्यार्थिनी, संशोधन साहाय्यक, अधिव्याख्याता, प्राध्यापक आणि अखेर नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख अशा क्रमाने त्या या विद्यापीठाशी जोडलेल्या राहिल्या. १९८० मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांनी गुजराती व इंग्रजीत लेखन केले. गांधी स्मारक निधी व मुंबईच्या मणिभवन गांधी संग्रहालयाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. मणिभवन लॅबर्नम रोडवरच आहे. १९४२ मध्ये ज्या अजित व्हिलातून केंद्र चालले, तो त्याच रस्त्यावर होता.

सन्मान व निधन

भारत सरकारने १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण दिले. ऑगस्ट क्रांती मैदानावर दर ९ ऑगस्टला होणाऱ्या कार्यक्रमास त्या नेमाने जात. २००० मध्ये अंगात ताप असतानाही त्या तेथे गेल्या आणि दोनच दिवसांनी, ११ ऑगस्ट रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले. उषा ठक्कर यांनी काँग्रेस रेडिओवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २०२१ मध्ये प्रकाशित झाला. ऐ वतन मेरे वतन हा त्यांच्या जीवनावर आधारित हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आला. त्यात उषाबेनची भूमिका सारा अली खान यांनी केली आहे.