एथेलबर्ट ब्लॅटर

फादर एथेलबर्ट ब्लॅटर (जन्म : १५ डिसेंबर १८७७, मृत्यू : २६ मे १९३४) हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि भारतीय वनस्पतींचे अभ्यासक होते. ताड-माड, नेचे, गवते आणि वाळवंटातील वनस्पती अशा परस्परांहून भिन्न विषयांवर त्यांनी लेखन केले. सर्वसामान्य वाचकाला मात्र ते प्रामुख्याने परिचित आहेत ते फुलझाडांवरील ग्रंथामुळे. डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्यासह लिहिलेल्या ‘सम ब्यूटिफुल इंडियन ट्रीज’ या पुस्तकाने गुलमोहर, बहावा, पळस, पांगारा यांसारख्या रस्त्याकडेच्या आणि बागेतल्या झाडांना शास्त्रीय ग्रंथाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

पूर्वायुष्य व मुंबईतील आगमन

ब्लॅटर यांचा जन्म स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलन प्रांतातील रेबस्टाइन या गावी झाला. तरुणपणीच त्यांनी जेझुइट संघात प्रवेश केला आणि १९०३ मध्ये ते मुंबईस आले. मुंबईतील जेझुइट कार्य त्या काळी मुख्यतः जर्मन धर्मगुरूंच्या हाती होते. सेंट झेवियर्स महाविद्यालयाची स्थापनाही त्यांनीच १८६९ मध्ये केलेली होती. महाविद्यालयात वाळवलेल्या वनस्पतींचा पद्धतशीर संग्रह नव्हता. ब्लॅटर यांनी १९०६ च्या सुमारास त्याचा पाया घातला. पुढे धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी ते काही वर्षे युरोपात राहिले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात पुन्हा मुंबईस परतले.

या युद्धाने मुंबईतील जेझुइट संघाची घडी विस्कटली. जर्मन धर्मगुरू शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले; काहींना स्थानबद्ध करण्यात आले आणि अनेकांना मायदेशी परत पाठविण्यात आले. ब्लॅटर स्विस, म्हणजे तटस्थ राष्ट्राचे नागरिक. केवळ पारपत्रावरील या एका फरकामुळे त्यांचे काम अखंड चालू राहिले. १९१९ ते १९२४ या काळात ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुंबईतील निसर्ग-अभ्यासाचे केंद्र असलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते उपाध्यक्षही झाले.

वनस्पतिशास्त्रीय लेखन

जोसेफ हूकर यांचा ब्रिटिश भारतातील वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ १८९७ मध्ये पूर्ण झाला होता. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. ब्लॅटर यांनी आपले सहकारी चार्ल्स मॅक्कॅन यांच्यासह कुक यांच्या ग्रंथाची फेरतपासणी हाती घेतली. ती १९२६ पासून सोसायटीच्या नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. या कामासाठी दोघांनी सह्याद्री पालथा घातला. पाचगणीच्या नावावरून ओळखली जाणारी खरपुडीची एक जात (सेरोपेजिया पंचगणिएन्सिस) आणि एक युफोर्बिया यांचे प्रथम वर्णन या दोघांचेच आहे.

याखेरीज एफ. हॉलबर्ग यांच्यासह जोधपूर-जैसलमेरच्या वाळवंटातील वनस्पती, टी. एस. सबनीस व मॅक्कॅन यांच्यासह सिंधू नदीच्या मुखाकडील वनस्पती आणि जे. एफ. डी’आल्मेडा यांच्यासह मुंबई भागातील नेचे (१९२२) अशी त्यांची कामे आहेत. एडन आणि अरबस्तान यांच्या वनस्पतींवरही त्यांनी लिहिले. एवढ्या विषयांना हात घातल्यावर काही ठिकाणी घाई झाली असावी, असे हे लेखन वाचताना वाटते. पण पुढच्या अभ्यासकाला दुरुस्तीसाठी का होईना, काहीतरी हाती हवे असते आणि ते ब्लॅटर यांनी पुरविले.

शोभेच्या झाडांकडे

त्या काळच्या वनस्पती-ग्रंथांत लागवडीच्या झाडांना सहसा दुय्यम स्थान असे. रानात आपोआप उगवते ते खरे, माळ्याने लावले ते उपरे, अशी ही दृष्टी. त्यामुळे लोक रोज ज्या झाडांखालून जात, त्यांचीच नीट माहिती मिळणे कठीण होई. ब्लॅटर यांनी ही रेघ ओलांडली. १९२६ मध्ये आलेल्या ताडकुळावरील ग्रंथात त्यांनी देशी जातींच्या बरोबरीने बाहेरून आणलेल्या जातीही घेतल्या. कोकणातला भेर्ली माड आणि क्यूबाकडून आलेला, बंगल्यांच्या दारी उभा राहणारा रॉयल पाम या दोघांनाही तेथे जागा आहे. १९२७-२८ मध्ये काश्मीरच्या सुंदर फुलांवर त्यांचे दोन भाग प्रसिद्ध झाले.

फुलझाडांच्या लेखमालेत त्यांना वॉल्टर सॅम्युअल मिलार्ड (१८६४–१९५२) यांची साथ लाभली. मिलार्ड १८८४ मध्ये मुंबईत आले. ते मद्यविक्रीच्या पेढीत होते, सोसायटीचे मानद सचिव होते आणि बागकामाचे वेडे होते. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या आत्मचरित्रात, एका मृत चिमणीची ओळख पटवायला आलेल्या लहान मुलाला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविणारे जे सचिव भेटतात, ते हेच. १९२० मध्ये ते इंग्लंडला परतले, परंतु मुंबईची झाडे त्यांच्या मनातून गेली नाहीत. दोघांची सचित्र लेखमाला १९२९ पासून सोसायटीच्या नियतकालिकात सुरू झाली.

या मालेत पळस, पांगारा, बहावा ही देशी झाडे आहेत, तसेच मादागास्करचा गुलमोहर आणि दक्षिण अमेरिकेचा नीलमोहरही आहे. गुलमोहर भारतात येऊन त्या वेळी शंभर वर्षेही झाली असतील-नसतील, तरी लोकांनी त्याला घरचा मानला होता. त्याच्या पाच पाकळ्यांपैकी चार लाल आणि एक पांढरी-पिवळी ठिपक्यांची असते, हे वर्णन वाचल्यावर विद्यार्थ्याने एक फूल तोडून अवश्य पाहावे. पुंकेसरांची झुंज लावणाऱ्या आपल्या मुलांना झाडाची रचना निम्मी ठाऊकच असते. बहाव्याच्या हातभर लांब काळपट शेंगा आणि पळसाची चपटी, एकच बी असलेली शेंग हीसुद्धा फुलांइतकीच झाडाची ओळख आहे. जुने पुस्तक वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की त्या काळची शास्त्रीय नावे आता बदलली आहेत. गुलमोहराचे पॉइन्सिआना रेजिया आज डेलोनिक्स रेजिया झाले आहे आणि पळसाचे ब्यूटिया फ्रॉन्डोसा आता ब्यूटिया मोनोस्पर्मा.

मराठवाडा आणि ब्लॅटर यांचे कार्य

ब्लॅटर यांच्या कामाची मर्यादा नांदेड-लातूरच्या वाचकाला चटकन जाणवते. कुक यांचा ग्रंथ आणि त्याची फेरतपासणी, दोन्हींची सीमा मुंबई इलाख्याची होती. नांदेड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. आजचा लातूर जिल्हाही त्याच संस्थानातील उस्मानाबाद आणि बीदर या जिल्ह्यांत विभागलेला होता. परिणामी किनवट-माहूरच्या डोंगरांत फाल्गुनात पेटणारा पळस या अभ्यासाबाहेर राहिला. झाड तेच, पण सरकार वेगळे. शोभेच्या झाडांच्या ग्रंथाला मात्र इलाख्याचे कुंपण नव्हते, त्यामुळे मराठवाड्यात तो अधिक उपयोगी पडतो. लातूरसारख्या, जंगल अत्यल्प असलेल्या जिल्ह्यात मुलांना प्रथम भेटणारी झाडे शाळेच्या आवारातली आणि रस्त्याकडेचीच असतात. वळवाच्या वाऱ्यात गुलमोहर उन्मळून पडतो, कारण त्याची मुळे उथळ पसरतात, एवढे जरी त्यांना कळले तरी नवे झाड कुठे लावावे हे ठरविता येते.

वनस्पतींच्या नोंदीतील ही पोकळी भरून निघायला दीर्घ काळ लागला. व्ही. एन. नाईक यांचा उस्मानाबाद जिल्ह्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९७९ मध्ये आला. लातूर तोवर वेगळा जिल्हा झालेला नव्हता, म्हणून तो या ग्रंथात सामावलेला आहे. त्यांचाच संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला.

अखेर व नंतर

१९३२ मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगालचे योहानेस ब्रूल स्मृतिपदक ब्लॅटर यांना मिळाले; या पदकाचे ते पहिले मानकरी होत. २६ मे १९३४ रोजी पुण्यात, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मॅक्कॅन यांच्यासह लिहिलेला मुंबई भागातील गवतांवरचा ग्रंथ पुढच्या वर्षी, तर फुलझाडांच्या लेखमालेचे पुस्तक १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. छापील पुस्तक ब्लॅटर यांनी पाहिले नाही. विल्यम स्टर्न यांनी सुधारलेली दुसरी आवृत्ती १९५४ मध्ये निघाली, तेव्हा मिलार्डही हयात नव्हते.

सेंट झेवियर्स महाविद्यालयातील संग्रह त्यांच्या नावाने ‘ब्लॅटर हर्बेरियम’ म्हणून ओळखला जातो. स्पॅनिश जेझुइट हर्मेनेगिल्ड सांतापाऊ यांनी तो पुढे वाढविला. सामान्य वाचकांसाठी भारतातील नेहमीच्या झाडांवर त्यांनी लिहिलेले छोटे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६६ मध्ये प्रकाशित केले.