दुष्काळात शेकडो मुलींची माय झालेल्या पंडिता रमाबाई

जुन्नर/आंबेगाव : भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावणारी भीमा पुढे दौंड तालुक्यातून वाहत जाते. याच तालुक्यात, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर केडगाव आहे. तिथलं मुक्ती मिशन उभारलं पंडिता रमाबाईंनी. ख्रिस्ती श्रद्धेनं भरभरून आणि धाडसानं जगणं म्हणजे काय, हे आपल्याच जिल्ह्यात त्यांनी करून दाखवलं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं. आईनं तेच लेकीला दिलं. पुढे दुष्काळात आई-वडील आणि मोठी बहीण गेली. उरलेली दोघं भावंडं पुराणं सांगत, उपाशीतापाशी हजारो मैल पायी हिंडली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी दुसऱ्या जातीतल्या बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. १८८२ मध्ये तेही गेले. पदरात तान्ही मनोरमा आणि वय अवघं तेवीस.

दोन्हीकडून टीका

त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथं बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली. पण नवा धर्म घेतला म्हणून त्यांनी आपली अक्कल गहाण टाकली नाही. पुरुषांना शिकवू नये, असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्यांनी तिथंही वाद घातला. पटेल तेच मानायचं, हा त्यांचा बाणा होता.

अमेरिकेतून मदत उभी करून १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजेच पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई.

१८९३ मध्ये मोठं वादळ उठलं. सदनात कुणावर धर्माची सक्ती नव्हती. पण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, त्यावरून ओरड झाली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. पालकांची भीतीही समजण्यासारखी होती, लेकीचा धर्म जाईल ही. रमाबाईंनी मात्र दार बंद केलं नाही, आणि आपली श्रद्धा लपवलीही नाही.

केडगावची मुक्ती

१८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमार काय असते ते रमाबाईंना लहानपणापासून माहीत होतं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो निराधार मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता, गर्दीला सरकारी मनाई. मग मुलींना केडगावच्या शेतावर नेलं. विहिरी खोदल्या, घरं बांधली. मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. १९०० च्या दुष्काळात तर तिथं जवळपास दोन हजार जणी राहत होत्या. फसवल्या गेलेल्या बायांसाठी कृपा सदन निघालं. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकवली.

शेवटची वर्षं रमाबाईंनी साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबल आणण्यात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. छपाई केली ती मुक्तीतल्या बायकांनीच. काम संपत आलेलं असताना, जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या.

श्रद्धेनं त्यांचं आयुष्य सुखाचं केलं नाही. उलट प्रत्येक वेळी घराबाहेर काढलं, दुसऱ्याच्या दुःखात उभं केलं. त्यांच्या लेखी पूर्ण आयुष्य ते हेच. केडगावचं मुक्ती मिशन आजही सुरू आहे.