कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. शिलाहार राजे आपणांस या नगरीचे अधीश्वर म्हणवीत. जुन्या ताम्रपटांत सूर्यग्रहणपर्वावर दिलेली भूमिदाने वारंवार आढळतात. ते ग्रहण येथे खरोखर दिसले काय, यावरून पट अस्सल की बनावट हे पुष्कळदा कळते.

ऑपोल्झरच्या १८८७च्या नकाशांत छायामार्ग केवळ तीन बिंदूंतून ओढलेले; गावोगावचा ग्रास त्यांवरून नेमका निघत नसे. १८५३ साली कोकणात मुरूडास जन्मलेले दीक्षित पेशाने शिक्षक. त्यांनी स्यूएलसाहेबांसह १८९६त सिद्ध केलेल्या पंचांगग्रंथास श्रामकृत ग्रहणकोष्टके जोडली गेली, तेव्हा ही अडचण सरली. त्यांचा ज्योतिःशास्त्राचा मराठी इतिहास मात्र आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

१८९८च्या जानेवारीत खग्रास छाया करमाळ्यानजीक जेऊरवरून गेली. एप्रिलात दीक्षित निवर्तले. वय अवघे ४४.