परळच्या दोन खोल्या आणि रमाईचं पंधरावं वर्ष

फेब्रुवारी आला की वस्त्यावस्त्यांत रमाई जयंतीचे फलक लागतात. डोक्यावर पदर घेतलेला तो ओळखीचा फोटो आणि खाली त्यागमूर्ती हा शब्द. आम्हीही अशा कितीतरी कार्यक्रमांत बोललो आहोत आणि हाच शब्द वापरून टाळ्या घेतल्या आहेत. पण वस्तीतल्या मुलींच्या गटांबरोबर काम करू लागल्यापासून हा शब्द तोंडात अडखळतो. समोर तेरा-चौदा-पंधरा वर्षांच्या मुली बसलेल्या असतात. त्यांच्यातल्या एकीने एकदा साधा प्रश्न विचारला, यशवंत झाला तेव्हा रमाई किती वर्षांची होती? आम्ही फळ्यावर वजाबाकी केली. रमाईचा जन्म ७ फेब्रुवारी १८९८. यशवंतरावांचा जन्म १२ डिसेंबर १९१२. उत्तर आलं चौदा वर्षं आणि दहा महिने. मुली गप्प झाल्या. आम्हीही झालो.

तेव्हापासून आम्हाला ते एक वर्ष सोडत नाही. १९१२ ची अखेर ते १९१३ चा पावसाळा. आंबेडकरांच्या घरात या काळात एक बाळ आलं, एक पदवी आली, घरातला कर्ता माणूस गेला आणि धाकटा मुलगा साता समुद्रापलीकडे निघाला. बाबासाहेबांच्या चरित्रांत हे सगळं आहे, पण ते त्यांच्या बाजूने सांगितलेलं. आम्हाला ते चुलीजवळ बसून बघायचं आहे. म्हणून या लेखात काही वेळ आम्ही रमाईला त्यांच्या माहेरच्या नावानेच हाक मारणार आहोत. रमी. रागावू नका. आई म्हटलं की आपण लगेच पाया पडतो, आणि पाया पडणाऱ्याला समोरच्या माणसाचं वय दिसत नाही.

रमी दापोलीजवळच्या वणंद गावची. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचे. आई रुक्मिणी लवकर गेली, मागोमाग वडीलही. पोरक्या झालेल्या भावंडांना नातेवाइकांनी मुंबईला, भायखळ्याला आणलं. तिथेच सुभेदार रामजी सकपाळांनी तिला आपल्या भीमासाठी पाहिलं. लग्न १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात लागलं. दिवसभराचा मासळीबाजार उठल्यावर रात्री त्याच शेडखाली, जमिनीवरचं पाणी अजून वाळलं नसताना, विक्रीच्या दगडी ओट्यांवर वऱ्हाडी बसले. नवरी आठ-नऊ वर्षांची, नवरदेव पंधराचा. लग्नानंतर रमीची रमाबाई झाली.

त्या काळी हे सगळीकडेच होतं, असं कुणी म्हणेल. होतं. मुलीच्या लग्नाला किमान १४ वर्षांची अट घालणारा कायदा त्यानंतर तेवीस वर्षांनी, १९२९ साली आला. सुभेदारांना दोष देण्यात अर्थ नाही. पण सगळीकडे होतं म्हणून त्या एका मुलीच्या वाट्याचं काम कमी होत नव्हतं.

आता घर पाहू. पहिली काही वर्षं लोअर परळच्या डबक चाळीत गेली. एकाच खोलीत स्वयंपाक, झोप, अभ्यास, भांडीकुंडी, सरपण, धूर. पहाटे दोनला सुभेदार मुलाला अभ्यासाला उठवायचे आणि तोपर्यंत स्वतः जागे राहायचे. बिनकाचेच्या चिमणीचा उजेड. हे चित्र आपल्या मुलांना पाठ असतं. आम्हाला मात्र आता दुसराच प्रश्न पडतो. त्या एका खोलीत पहाटे दोनला दिवा लागला की बाकीच्यांची झोप कशी होत असेल?

पुढे कुटुंब परळच्याच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आलं. मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली, त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने हा ट्रस्ट काढला होता. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या, ५० आणि ५१ नंबरच्या. एक खोली भीमरावांच्या अभ्यासाला आणि दुसरी बाकी सगळ्या घराला. या वाटणीकडे जरा थांबून बघा. गिरणगावातल्या कामगार चाळीत, जिथे एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं राहायची, तिथे एका अस्पृश्य कुटुंबाने आपली निम्मी जागा एका मुलाच्या पुस्तकांना दिली. ही जागा आकाशातून पडली नव्हती. समोरच्या खोलीतल्या माणसांनी अंग चोरून ती मोकळी केली होती. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही सांस्कृतिक भांडवल ही संज्ञा शिकलो, परीक्षेत उदाहरणंही लिहिली. सगळ्यात चांगलं उदाहरण परळलाच होतं, ते आम्हाला तेव्हा सुचलं नाही.

पैशाचा हिशोबही तसाच. सुभेदारांना पेन्शन महिना ५० रुपये. गुरुवर्य केळुसकरांच्या शब्दावरून सयाजीराव गायकवाडांनी भीमरावांना कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्राध्यापक म्युलर त्यांना पुस्तकं द्यायचे, कपडेही द्यायचे. तरी पुस्तकांची भूक भागत नव्हती. मग सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. मुलीकडे रोकड नसली तर तिचा दागिना घेऊन सावकाराकडे गहाण ठेवायचे आणि पेन्शन आली की सोडवून आणायचे. दोघांना शिकवण्याची ऐपत नव्हती म्हणून भीमरावांचे मोठे भाऊ आनंदराव शाळा सोडून कामाला लागले होते. बाबासाहेबांच्या पदवीवर एकच नाव आहे. पण तिच्यात आनंदरावांची सुटलेली शाळा आहे, बहिणींच्या गळ्यातल्या आणि हातातल्या वस्तू आहेत, सुभेदारांचं जागरण आहे. आणि रमीचं काय आहे? तिच्याकडे गहाण टाकण्यासारखं काही नव्हतं. तिने काम दिलं. पाणी भरणं, दळण, जळण, धुणीभांडी, येणाऱ्याजाणाऱ्याचं जेवण. मोठ्या जाऊबाई लक्ष्मीबाई आणि ती, दोघींच्या हातांवर ते घर चालत होतं. या कामाची नोंद कुठल्या वहीत होत नाही, तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

१९१२ हे बी.ए.च्या अखेरच्या परीक्षेचं वर्ष. विषय अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. त्याच वर्षी रमीला दिवस गेले. अभ्यासाच्या खोलीत परीक्षा आणि समोरच्या खोलीत बाळंतपण, एवढाच मधे जिन्यासमोरचा अरुंद वाटेचा फरक. १२ डिसेंबरला यशवंत झाला. सुभेदारांचं घर कबीरपंथी, सकाळ-संध्याकाळ भजन चालणारं. रामजी आणि भीमाबाईंना चौदा अपत्यं झाली होती, त्यातली बरीच लहानपणीच गेली. त्या घरात नातू रडायला लागला तेव्हा म्हाताऱ्याला काय वाटलं असेल, हे आम्ही लिहीत नाही. वाचणाऱ्याने आपल्या आजोबांना आठवावं.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. सुभेदारांना ते पसंत नव्हतं. पण महाराजांची शिष्यवृत्ती घेतली होती, त्या उपकाराची जाणीव मुलाला होती. बाळ दीड महिन्याचंही नव्हतं. आणि जेमतेम पंधरा दिवसांत बडोद्याला तार गेली, वडील अत्यवस्थ.

परतीची हकिकत सर्वांना माहीत आहे. सुरतेला गाडी थांबली तेव्हा वडिलांसाठी मिठाई घ्यायला भीमराव उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी मुंबईला पोहोचले तेव्हा सुभेदार शेवटचे क्षण मोजत होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तारीख २ फेब्रुवारी १९१३. ही गोष्ट सांगताना वक्ते सुरतेच्या स्टेशनवर थांबतात, आम्हीही थांबायचो. आता आम्हाला त्या आदल्या रात्रीची परळची खोली दिसते. अंथरुणाला खिळलेला सासरा, ५१-५२ दिवसांचं अंगावर पिणारं बाळ, आणि दोघांमध्ये ऊठबस करणारी ओली बाळंतीण. आजारी माणसाची सेवा हे घरातल्या सुनांचंच काम, त्याला कुणी नाव देत नाही.

पाच दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, रमीला पंधरा वर्षं पूर्ण झाली. घरात सुतक होतं. वाढदिवस ही गोष्टच त्या घरात नव्हती. आज आपण ज्या तारखेला मिरवणूक काढतो, ती तारीख १९१३ साली अशी गेली.

सुभेदारांबरोबर घराचा आधार गेला. भीमरावांनी बडोद्याची नोकरी पुढे केली नाही. सयाजीराव काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवणार होते, त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची चाकरी. जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. यशवंत सात महिन्यांचा होता. वडील परत आले ते ऑगस्ट १९१७ मध्ये. तेव्हा यशवंत पाचव्या वर्षात होता.

ही चार वर्षं घर कसं चाललं? आनंदरावांची कमाई होती. बाबासाहेब शिष्यवृत्तीतून पोटाला चिमटा काढून काही पैसे घरी पाठवत. आणि रमाई, आता रमी म्हणून चालणार नाही, शेण गोळा करून गोवऱ्या थापायच्या. आपल्या घरोघरीच्या आज्यांनी ही आठवण जपली आहे, गाण्यांतून आणि पोवाड्यांतून ती आपल्यापर्यंत आली आहे. त्या गोवऱ्यांबद्दल बोलताना आपला गळा दाटून येतो. पण गोवऱ्या थापणं हे दुःखाचं चिन्ह होण्याआधी एक काम होतं, त्यातून जळण आणि पैसा येत होता. रमाई कमावत होत्या. हे वाक्य आम्ही जयंतीच्या भाषणात पहिल्यांदा म्हटलं तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला ते आवडलं नाही. त्याग म्हणा, असं त्यांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं. त्यांची बैठक त्या रात्री अकराला संपली. घरी त्यांचं ताट झाकून कुणीतरी जागं असेलच.

बाबासाहेबांना हे दिसत नव्हतं, असं मात्र मुळीच नाही. घरात चौदाव्या वर्षी आई झालेली बायको मागे ठेवून गेलेल्या या माणसाने मे १९१६ मध्ये कोलंबियातल्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. जात टिकते कशी, तर जातीतल्या जातीत लग्नं लावून, आणि ते जमावं म्हणून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह. म्हणजे लहान मुलीचं लग्न ही नुसती जुनी रीत नसून जातीचं यंत्र चालवणारी ती किल्ली आहे, हे त्यांनी पंचविसाव्या वर्षी मांडलं. पुढे १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेसाठी ते बोलले. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. ठराव पडला. या भूमिका त्यांनी पुस्तकांतून घेतल्या असं म्हणणाऱ्यांना आम्ही परळच्या दोन खोल्यांची आठवण करून देतो.

कारण तोवर त्या घराने फार गमावलं होतं. यशवंतनंतर झालेली चार मुलं, तीन मुलगे आणि एक मुलगी, लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न, सगळ्यांचा लाडका, १९ जुलै १९२६ रोजी गेला. प्रत्येक वेळी रमाईचं शरीर आणखी खंगत गेलं. १९१२ पासून सुरू झालेला चाळीतला संसार बावीस वर्षं चालला. दादरला राजगृह उभं राहिलं, मोठ्या खोल्या, हजारो पुस्तकं. त्या घरात रमाईंना फार दिवस मिळाले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या, वय ३७. त्यानंतर साडेचार महिन्यांनी येवल्याची घोषणा झाली. ती ऐकायला त्या नव्हत्या. पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ बाबासाहेबांनी पुढे रामूच्या स्मृतीला अर्पण केला, आणि तिच्या कोणत्या गुणांसाठी तेही तिथे नोंदवलं.

आणि १९१२ च्या डिसेंबरातलं ते बाळ? ते जगलं. आईचं अंगावरचं दूध, काकूचा हात आणि काकाची कमाई यांवर वाढलं. आपण त्यांना भैयासाहेब म्हणतो. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर भारतीय बौद्ध महासभेची धुरा त्यांनी उचलली, दादरच्या चौपाटीवरच्या स्तूपासाठी पायपीट केली. ५ डिसेंबर १९७१ रोजी त्या चैत्यभूमीचं उद्घाटन त्यांच्या पत्नी मीराताईंच्या हस्ते झालं. दरवर्षी सहा डिसेंबरला आपण रांगेत तासन् तास उभे असतो, ते तिथेच. त्यानंतर सहाच दिवसांनी भैयासाहेबांची जयंती येते.