ज्याला गिटार वाजवता येत नव्हती, त्याच लिओ फेंडरने जगातल्या सगळ्यात गाजलेल्या इलेक्ट्रिक गिटार बनवल्या

हळद असो की गणपतीची मिरवणूक, ठाणे जिल्ह्यातल्या गावांत बेंजो लागतोच. त्या बेंजोच्या तारांखाली पिकअप बसवलेला असतो. आत लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे. वरची स्टीलची तार थरथरली की वेढ्यांमध्ये वीज तयार होते आणि अँप्लिफायरमधून तिचा आवाज होतो.

इलेक्ट्रिक गिटारही याच तत्त्वावर चालते. ती घराघरात पोहोचवणारा माणूस होता लिओ फेंडर.

लिओचा जन्म १९०९ चा, कॅलिफोर्नियातला. आठव्या वर्षी गाठीमुळे डावा डोळा गेला, तिथे काचेचा बसवला. शिक्षण हिशेबनिसाचं, पण जीव रेडिओत. मंदीत नोकरी गेली तेव्हा १९३८ मध्ये ६०० डॉलर कर्ज काढून त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

दुकानात वादक अँप्लिफायर दुरुस्तीला आणायचे आणि एकच रडगाणं गायचे. पोकळ गिटारचा आवाज वाढवला की ती शिट्टी मारते. लिओने पोकळपणाच काढून टाकला. भरीव लाकडी फळी घेतली आणि तिला दांडी चक्क चार स्क्रूंनी जोडली. तोवर चांगल्या गिटारची दांडी सरसाने चिकटवायचे, बिघडली तर कारागिराकडे धाव. इथे स्क्रू काढा, दुसरी दांडी बसवा. हा विचार दुरुस्तीवाल्यालाच सुचणार.

१९५० मध्ये या गिटारचं नाव ठेवलं ब्रॉडकास्टर. पण तसंच नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमला होतं. त्यांनी हरकत घेतली आणि १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली.

वादकांची तक्रार संपली नव्हती. फळीच्या कडा बरगड्यांना टोचायच्या. मग १९५४ मध्ये आली स्ट्रॅटोकास्टर. कडा तासलेल्या, अंगाला बसेल असा आकार, तीन पिकअप. १९६९ मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने वाजवली ती हीच.

गंमत म्हणजे लिओला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तारा छेडायला तो वादकांनाच बसवायचा आणि ते सांगतील तसे बदल करायचा.

पुढे तब्येतीने दगा दिला. दुखणं हटेना, तेव्हा १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. नंतर दुसऱ्या डॉक्टरच्या औषधाने तो बरा झाला. पण कंपनीसोबत फेंडर हे नावही गेलं होतं. स्वतःच्या आडनावाने गिटार विकायची सोय उरली नव्हती.

लिओ थांबला नाही. सत्तरीत त्याने जॉर्ज फुलर्टन या जुन्या सहकाऱ्यासोबत जी अँड एल काढली. १९८५ मध्ये आपल्याच पहिल्या गिटारवरून नवी बनवली, नाव पुन्हा ब्रॉडकास्टर. या वेळी हरकत घेतली फेंडर कंपनीनेच! ते नाव त्याला दुसऱ्यांदा सोडावं लागलं. गिटार एसॅट म्हणून विकली गेली.

पार्किन्सन्सने हात थरथरत असतानाही तो वर्कशॉपमध्ये जात राहिला. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला.

आज स्वतःची गिटार घडवायला घेणारे अनेक जण सुरुवात टेलिकास्टर किंवा स्ट्रॅटोकास्टरच्या मापांवरूनच करतात. भरीव फळी कापता आली आणि चार स्क्रू बसवता आले की निम्मं काम झालेलं असतं.